घरच्यांपुरतं औषध

दादाच्या औषधदुकानासमोर सकाळीच रांग लागली, तेव्हा ताई मागच्या खोलीत गोळ्यांची पाकिटं बांधत होती. तापाची साथ आली होती. इस्पितळात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून फुकट गोळ्या वाटायचं काम सरकारने औषधदुकानांवर सोपवलं होतं. अट एकच: ज्याला ताप, त्याला पाकीट. दादाने ती पाटीवर लिहिली आणि खाली स्वतःचं नाव अटीपेक्षा मोठं काढलं.

ताई ही त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर तान्ही लेक घेऊन आली, तेव्हा दादाने डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, हे घर तुझंच. तेव्हापासून स्वयंपाक, धुणंभांडी, दुकानाची मागची खोली, सगळं खरोखरच तिचं झालं होतं.

दुपारी मागच्या खोलीत निजलेली लेक तापाने फणफणली. ताई काउंटरवर आली. दादा म्हणाला, साठा संपला. पण खालच्या कप्प्यातलं खोकं तर तिनेच भरलेलं. ते घरच्यांसाठी राखलंय, दादाने समजावलं. घरात ताप कुणालाच नव्हता, पण येऊ शकतो. परदेशातल्या मुलाचाही वाटा काढला होता. तो अचानक आला आणि दारातच शिंकला तर? मांजराचा प्रश्न वहिनीने मांडला होता, तो विचाराधीन होता.

"आणि माझी पोर?"

"तिच्या काकांना सांग ना," दादा अगदी मायेने म्हणाला. "लग्न झालेली बहीण माहेरी पाहुणीच गं. विधवा झाली म्हणून काय घरची होते?"

काकांनी मघाशीच फोनवर मामाकडे बोट दाखवलं होतं.

ताई रडली नाही. तिने खोकं उचललं, एक पाकीट फोडून लेकीला गोळी दिली आणि परत येऊन खोकं रांगेसमोर ठेवलं.

"ज्याला ताप आहे, त्याने पुढे यावं."

दादाने आवाज खाली आणला. "अगं, घरातली गोष्ट चार लोकांत काढतेस?"

"घरातली? आत्ता तर मी पाहुणी होते."

रांग पुढे सरकली. त्यातल्या बहुतेकांच्या घरीही मागच्या खोलीत अशीच एकेक ताई राबत होती. खोकं रिकामं होईपर्यंत कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. पाकीट मात्र सगळ्यांनी घेतलं.