बिनखटक्याची हातकडी

नवराबायकोच्या राजीखुशीच्या खेळासाठी मी हातकड्या विकते. माझा नियम एकच: घेणाऱ्याने आधी स्वतः घालून बघायची.

"ही आतून मऊ आहे, आपोआप आवळत नाही, आणि हा खटका दाबला की घालणाऱ्यालाच उघडता येते."

"खटका नसलेली द्या," गिऱ्हाईक हसलं. "बायकोला तशीच आवडते."

माझं डोकं फिरलं. खटका तुटून परत आलेली एक काढली, त्याच्याच मनगटांत अडकवली आणि किल्ली मुठीत धरली.

"वहिनी घरी आहेत ना?"

"आहे की. जाते कुठे!"

"मग त्यांनाच विचारू. हो म्हणाल्या की सोडते."

त्याचा फोन त्याच्या बोटाला टेकवून उघडला आणि मी बायकोचा नंबर लावला.

घंटा त्याच्याच कोटाच्या आतल्या खिशात वाजली.