पालकांच्या खुर्चीत

"टीचर, तुम्ही इकडं कशा?"

हाक आली तेव्हा उत्तरा कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. आतल्या शिपायाने नुकतेच तिच्या हातात केशरी काठाचे उपरणे ठेवून, "कार्यक्रम झाला की परत करा मॅडम, मागच्या वर्षी निम्मी गायब झाली," असे बजावले होते. तिने ते घाईघाईने पर्समध्ये कोंबले आणि मग वळून पाहिले.

हर्षाली शेवाळे. बारावीला असताना सातपूरहून सायकलवर तिच्या केमिस्ट्रीच्या क्लासला यायची, बहुधा उशिराच. आता हर्षालीच्याही गळ्यात तसेच उपरणे होते.

"पेढे द्यायला येणारच होते टीचर, देवाशपथ. तुम्ही कोणासाठी आलात? इराताई तर बेंगळुरूला ना?"

"आमच्या कळवणकडची एक मुलगी आहे," उत्तरा म्हणाली.

"मग ती येईपर्यंत माझ्या पालक व्हा ना. मम्मीची फर्स्ट शिफ्ट आहे, सुपरवायझरनं सोडलंच नाही. म्हणाली, व्हिडिओ आणला नाहीस तर घरात घेणार नाही."

हर्षालीने उत्तर ऐकून न घेता आपला फोन तिच्या हातात दिला आणि तिला सभागृहात मागच्या बाजूला, पालकांच्या खुर्च्यांकडे नेले. पुढच्या रांगा पदवी घेणाऱ्यांच्या होत्या. तिथे आडनावांच्या क्रमाने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर उत्तराचे माहेरचे नाव होते.

क्लासच्या दारावर 'सौ. उत्तरा देवरे, बी.एस्सी.' अशी पाटी होती. नवऱ्याने हौसेने करून घेतली होती. तो गेला, पाटी राहिली. ती खोटी आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

ती ठरवून खोटे बोलली नव्हती. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर सुटला त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कळवणच्या स्टँडवर पेढे वाटले होते. त्यांचे तिथे शिवणकामाचे दुकान होते. कुणी म्हणाले, मास्तर, निकाल तर लागू द्या. तर म्हणाले, "आजवर नापास झाली नाय, आता काय होतीय?" लगेच लग्न ठरले. पत्रिकेत तिच्या नावापुढे बी.एस्सी. छापले गेले. निकाल लागला तेव्हा ती नवी नवरी होती. एकटीच येऊन ह्याच कॉलेजच्या फलकापुढे उभी राहिली. फिजिकल केमिस्ट्री राहिली होती. घरी पोचताच सासूने, "पास ना गं?" म्हणत तिच्या तोंडात साखर घातली. तोंडात साखर असताना तिला नाही म्हणवले नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला जाते म्हणायचे, तर कशाला ते सांगावे लागले असते. मग इरा झाली. मग अण्णा गेले.

जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी, अशी विद्यापीठाची सूचना तिने पेपरात वाचली, तेव्हा घरात ज्याच्यापासून लपवावे असे कुणी उरले नव्हते. तरी तिने अर्ज लपूनच भरला. परीक्षेला वेगळी खोली दिली होती. सोबत एक वाहतूक हवालदार होता आणि त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी. पेपर हातात पडल्यावर गुरुजींनी आधी त्याला नमस्कार केला.

ती पास झाली. निकाल पाहून तिने लॅपटॉप बंद केला, चहा टाकला, इराला फोन लावला आणि जेवलीस का, एवढेच विचारून ठेवून दिला.

"टीचर, एक सांगू? रागवायचं नाही." हर्षाली अजून शेजारीच रेंगाळत होती. "माझा एक बॅक राहिला होता. फिजिकल केमिस्ट्रीचा. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

"मग?"

"मग काय, रिएक्झाम देऊन काढला. सगळ्यांचाच असतो एखादा."

"घरी?"

"त्याच दिवशी सांगितलं. मम्मी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, काढ मग. आणि पीठ संपलंय, दळण घेऊन ये."

हर्षाली हसत पुढे आपल्या जागेवर गेली. उत्तराने फोन मांडीवर ठेवला. पर्सची चेन नीट लागली नव्हती, त्यातून उपरण्याचा काठ बाहेर आला होता. तिने तो आत ढकलला.

नावे सुरू झाली. प्रत्येक नावाला सभागृहाचा एक कोपरा टाळ्या वाजवी, बाकीचे आपल्या नावाची वाट बघत. प्राचार्य प्रत्येकाला पदवीची फाइल देताना, "पुढे काय?" असे विचारत होते आणि उत्तर येण्याआधीच पुढच्याकडे बघत होते. आज नाही घेतली, तर महिन्याभराने खिडकीवर मिळणारच होती. तिथे कुणी नाव पुकारत नाही.

"गांगुर्डे उत्तरा चिंतामण."

कोणीच उठले नाही. अण्णांचे नाव तिने कितीतरी वर्षांत मोठ्याने ऐकले नव्हते. मंचावरच्या सरांनी सभागृहावर नजर फिरवली.

"गांगुर्डे उत्तरा चिंतामण. नाहीत का? बरं, पुढचं—"

"आहे," उत्तरा म्हणाली.

आवाज फार लांब गेला नसावा, पण ती उभी राहिली होती. तिने उपरणे काढून गळ्यात घातले. त्याला घड्या पडल्या होत्या. मागच्या रांगांपासून मंच बराच लांब होता. तिच्यासाठी कोणत्याच कोपऱ्यात टाळ्या वाजल्या नाहीत; तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"मुलीच्या वतीनं आलात का?" प्राचार्यांनी हळूच विचारले.

"नाही. माझीच आहे."

त्यांनी फाइलवरचे नाव पाहिले, मग तिच्याकडे. "छान. पुढे काय?"

"शिकवते," ती म्हणाली. ह्या वेळी ते उत्तर येईपर्यंत थांबले होते.

उतरताना पुढच्या रांगांतून हर्षालीचा चेहरा तिच्याकडे वळलेला दिसला, तोंड किंचित उघडे. उत्तरा थांबली नाही. पुढे तिच्या नावाची खुर्ची रिकामी होती. तिच्या बाजूने ती मागे गेली आणि पालकांत येऊन बसली. शेजारच्या बाईंनी पाय आखडून वाट दिली आणि विचारले, "तुमचं कोण आहे?"

"शेवाळे," उत्तरा म्हणाली. "यायचीय अजून."

'श' यायला वेळ लागला. तिने फोन सुरू करून पाहिला. एका हाताने धरला की चित्र हलत होते, दोन्ही हातांनी धरावा तर टाळ्या कशा वाजवायच्या? तिने पदवीची जाड पुठ्ठ्याची फाइल मांडीवर उभी केली आणि कॅमेरा कडेच्या वर राहील असा फोन तिला टेकवला. हलवून पाहिले. पक्का होता.

"शेवाळे हर्षाली गोटीराम."

उत्तराने बटण दाबले आणि हर्षाली मंचाची पायरी चढून परत उतरेपर्यंत दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.