गौडाची मळणी

"अवो, बंद करा ते मशीन! पोराचं ठोकं ऐकू येईनात मला!"

सावित्रक्का नर्स दवाखान्याच्या दारात येऊन ओरडली, पण ऐकतो कोण? गावच्या पाटलाचं, रुद्रगौडाचं मळणी यंत्र दवाखान्याच्या आवारातच ट्रॅक्टरला जोडून सुरू होतं. सरकारी जागा म्हणजे गौडाचं खळं, हे आमच्या हिरेकट्टी गावानं केव्हाच गिळलेलं. आत दुंडव्वाची सून नीलव्वा कळा देत होती. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. म्हणून कळ ओसरली की नर्स पोटाला लाकडी कर्णा लावून ठोके ऐकायची. पण कानात नुसती यंत्राची धडधड.

दुंडव्वा पदर खोचून बाहेर पडली. तिची शेजारीण म्हणून मीही मागोमाग गेले.

"गौडा, मशीन थांबव."

"आभाळ बघितलंस का, म्हातारे? तूर भिजली तर तू देणार हायस? बायका काय आजच बाळंत व्हाय लागल्या?"

दुंडव्वा थेट यंत्राच्या तोंडाशी गेली आणि तुरीच्या पेंढ्यांवर फतकल मारून बसली. "घाल आता मलाबी आत. नुसती हाडं हायत, दाणं पडायचं न्हाईत."

ड्रायव्हर इमामसाबनं गौडाकडं न बघताच यंत्र बंद केलं.

नर्सनं आत जाऊन कर्णा लावला. बराच वेळ ऐकलं. "कळ गेली तरी ठोकं मंदच हायत. तालुक्याला न्याया पायजे, आत्ताच."

सरकारी गाडी नेहमीप्रमाणं दुसऱ्याच गावाला गेलेली. दुंडव्वा पुन्हा बाहेर आली.

"गौडा, ट्रॅक्टर सोड."

"आन् माझी मळणी?"

"मळणी उद्याबी व्हईल. नातवंडाला उद्या न्हाई!"

इमामसाबनं यंत्राचा पट्टा काढून ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलीसुद्धा. नीलव्वाला ट्रॉलीत गोधडीवर कुशीला निजवलं. वाटेत कळ ओसरली की नर्स ओरडायची, "थांबव!" इंजिन गप्प व्हायचं. आम्ही दोघी नीलव्वाला धरून बसायचो. ती कान लावायची आणि म्हणायची, "हाय, हाय! हाण आता!"

तालुक्याला ऑपरेशन करून मुलगी काढली. तिचं रडणं ऐकलं आणि मलाच हुंदका आवरेना.

इकडं गावात पाऊस झाला. आठवड्यानं गौड दुंडव्वाच्या दारात उभा. "माझी समदी तूर भिजली की गं."

दुंडव्वा नातीला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "भिजली तूर वाळती, गौडा. घाल उन्हात. पर दवाखान्याच्या आवारात न्हाई. तितं बायका बाळंत व्हत्यात."