अकरावी जागा

ऑफिसात तिला सगळे मजकूरवाली म्हणत. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती सहल कंपनी होती. खालून शिलाईयंत्रांची घरघर यायची आणि वर तिच्या टेबलावर जगभरचे फोटो पसरलेले असायचे: वाळूच्या टेकड्या, बर्फाची शिखरं, दीपगृहं, धुमसत्या डोंगरांची तोंडं. फोटो बघायचा, नकाशा बघायचा, जाऊन आलेल्या कुणाला दोन प्रश्न विचारायचे आणि वाचणाऱ्याला आपण तिथेच उभे आहोत असं वाटेल असा मजकूर लिहायचा, हे तिचं काम. 'सूर्योदय पाहावा अशा एकवीस जागा' ही तिची पुस्तिका सगळ्यांत जास्त खपली होती. त्या एकवीसपैकी ती स्वतः दोनच ठिकाणी गेली होती, आणि त्यातल्या एका ठिकाणी नेमकं आभाळ भरून आलं होतं.

आई तिला टोमणा मारायची, "ज्या गावाला जायचं नाही त्या गावची वाट कुणी विचारू नये म्हणतात. तू तर कुणी न विचारता सांगत सुटतेस!"

ती हसून सोडून द्यायची.

एका सोमवारी दुपारी एक वयस्क गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. पिशवीतून त्यांनी ती पुस्तिका काढली. पोस्टमास्तर होतो, आता निवृत्त झालो, अशी स्वतःची ओळख करून दिली आणि म्हणाले, "हे ज्यांनी लिहिलं त्यांना भेटायचंय."

"मीच," ती म्हणाली.

"ही अकरावी जागा. तळ्यावरचा कडा."

ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. 'कठड्याच्या डावीकडच्या फटीतून चार पावलं खाली उतरा. तिथल्या सपाट खडकावरून सूर्य थेट तळ्याच्या पाण्यातून वर येताना दिसतो.'

"लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. तीन महिने झाले," पोस्टमास्तर म्हणाले. "झुंजुमुंजू होतं, धुकंही होतं. खडक नीट दिसत नव्हता. हिचा पाय सरकला. दीड पुरुष खाली झुडपात अडकली म्हणून वाचली. पण कमरेखालचं सगळं गेलं."

मालकांनी आतल्या खोलीतून मान बाहेर काढली. "काका, मागच्या पानावर छापलंय. प्रवास ज्याचा त्याच्या जबाबदारीवर."

"वाचलंय मी. भांडायला नाही आलो." पोस्टमास्तर पुन्हा तिच्याकडे वळले. "मी माणसं आणायला खाली धावलो. सूर्योदय बघायचा राहूनच गेला. ही आता सारखी विचारते, तिथून तो दिसतो कसा? तुम्ही पाहिलाय. तेवढं सांगा, मी तिला जाऊन सांगतो."

खरं बोलायची वेळ तीच होती. मी तिथं गेले नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण दारात मालक उभे होते आणि पोस्टमास्तरांनी खिशातून पेन काढलं होतं. तिच्या तोंडून शब्द निघाले, आणि निघाले ते निघतच राहिले. आधी पाण्यावर तांबूस रेघ उठते, मग धुकं विरळ होतं, मग सूर्याची कड पाण्यातून वर येते. पोस्टमास्तरांनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेतलं, हात जोडले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

तिला घास गोड लागेना. आईने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं. तिने सगळं सांगितलं. या वेळी आईने टोमणा मारला नाही. "जाऊन खरं सांगून ये," एवढंच म्हणाली. तिला मात्र धीर होत नव्हता. गुरुवारी पोस्टमास्तरांचाच फोन आला. "हिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. याल?"

तळमजल्यावरची खोली होती. खिडकीला लागून पलंग, उठून बसायला आधार म्हणून वर टांगलेली लोखंडी दांडी, भिंतीवर कडा विरलेला जगाचा नकाशा. पलंगावरच्या बाई तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या. अख्खी वस्ती त्यांना भूगोलाच्या बाई म्हणूनच ओळखायची.

"बस. सांग," त्या म्हणाल्या.

ती सांगू लागली. तांबूस रेघ. धुकं. सूर्याची कड.

"पाण्यातून?"

"हो."

"मी तिथं दोन तास पडून होते," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाय हलत नव्हते. तळं समोर होतं. ते काळं होतं ते काळंच राहिलं. ऊन आलं ते माझ्या पाठीमागून, डोंगरावरून. तळं पश्चिमेला आहे. तुझा फोटो संध्याकाळचा असणार."

तिने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"तू गेलीच नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली. "मी फोटोवरून लिहिलं. चुकलं माझं, बाई. त्या दिवशी काकांनाही खोटंच सांगितलं."

पोस्टमास्तर चहा घेऊन आले होते, ते दारातच थबकले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मला ऐकायचं होतं, तू खरं बोलतेस का ते. जन्मभर मुलांना सांगत आले, पुस्तकात आहे ते बरोबर. अंधारात मला दिशा कळली नाही, पण छापलेलं होतं म्हणून उतरले." त्यांनी दांडी घट्ट धरली. "आता जा आणि बघून ये. तो खडक कसा आहे ते मला सांग."

तिने मालकांना गाठलं. पुस्तिका मागे घ्या म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मालक म्हणाले. "एका म्हातारीचा पाय घसरला म्हणून गाजावाजा करायचा?" तिने तिथंच एका कागदावर राजीनामा लिहिला आणि शनिवारची बस पकडली.

रविवारी पहाटे ती कड्यावर पोचली. डावीकडची फट होती. तिने वाकून पलीकडे हात लावला. खडक गार, बुळबुळीत, हिरवागार. तेवढ्यात मागून एक तरुण जोडपं आलं. तरुणाच्या हातात तिचीच पुस्तिका होती.

"ताई, जरा बाजूला होता का? आम्हाला खाली जायचंय."

"जाऊ नका. शेवाळ आहे. एक बाई पडल्यात इथून."

"पण यात दिलंय."

"ते मी लिहिलंय. न बघता लिहिलंय."

तो हसला. "मग तर तुमच्यावर मुळीच विश्वास नाही!"

"नका ठेवू. मी इथून हलणार नाही."

ती फटीत आडवी उभी राहिली, दोन्ही हातांनी कठडा धरून. तो पुढे सरकला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला, पण ती तसूभर हलली नाही. शेवटी त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली. "चल ना, हिच्या नादी कुठं लागतोस." कुरकुरत दोघं वर डोंगराकडे निघून गेली.

ऊन चांगलं वर आल्यावर तिने तिथूनच बाईंना फोन लावला. सूर्य पाठीमागून आला, म्हणाली. डोंगराची सावली कितीतरी वेळ तळ्यावर पडून होती.

"आणि खडक?"

"सगळा शेवाळलाय. हात ठरत नाही, पाय कुठला ठरायला."

बाईंचा आवाज आला, बारीक. "मला वाटत होतं, माझाच धांदरटपणा नडला. ह्यांनाही तसंच वाटत असणार. बोलले नाहीत कधी." मग त्या म्हणाल्या, "तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पण बुधवारी ये. तू न पाहिलेल्या उरलेल्या अठरा जागा नकाशावर लावून बघू."

तेव्हापासून दर बुधवारी ती जाते. आणखी तीन जागा चुकीच्या निघाल्या. जिथं जिथं ती पुस्तिका विकली गेली तिथं दोघींच्या सहीची पत्रं गेली. काहींनी पुस्तिका काढून टाकली, काहींनी उत्तरही दिलं नाही. एखाद्या बुधवारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात, एक शब्द बोलत नाहीत. पोस्टमास्तर हळूच म्हणतात, "आज तिचा दिवस बरा नाही." ती चार वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहते, आणि मग उठून घरी जाते.