एकाच यादीतले दोघे

बायकोने फॉर्म भरला तेव्हा शिंपी शिलाई मशीनवर होता, त्यामुळे चूक नक्की कुणाची यावर पुढे आठ दिवस वाद चालला. फॉर्म दोन होते, जुळ्यांचे वेगवेगळे. 'मूल कोणकोणते शब्द बोलतं?' या प्रश्नाखाली तिने मुलीच्या कागदावर एक्केचाळीस शब्द लिहिले आणि मुलाच्या कागदावर सरळ लिहून टाकलं, 'वरीलप्रमाणे'.

स्पीच थेरपीवाल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. "यातले ह्याचे कुठले?"

पोरं सव्वादोन वर्षांची; वर्षभर घरात शब्द ऐकू येत होते. कुणाच्या तोंडून, याचा हिशेब कोण ठेवतो?

"पंधरा दिवस दोघांचं वेगवेगळं लिहा," बाई म्हणाल्या. "रोज एक तास दोघांना वेगळं ठेवा. मुलगा खरंच बोलत नसेल, तर उपचार सुरू करू."

घरी येताना शिंपी म्हणाला, "मीपण उशिराच बोललो होतो."

"हो, आणि मग थांबलाच नाहीस," बायको म्हणाली.

त्याने मापांची जुनी वही काढली. डाव्या पानावर लिहिलं थोरली, उजव्यावर धाकटा. थोरली फक्त अकरा मिनिटांनी थोरली, पण तोरा असा की भावाला ती 'बाळ' म्हणायची. चार दिवसांत डावं पान भरलं. उजव्यावर काहीच नाही. धाकट्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि त्याला काही हवं असलं की तो नुसता बहिणीकडे बघायचा. उरलेलं काम ती करायची. "वकील आहे त्याची," असं शिंपी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. आता कोरं पान दिसलं की तो वही मिटून ठेवायचा.

पाचव्या दिवसापासून संध्याकाळी पाच ते सहा बायको धाकट्याला बागेत न्यायला लागली. पहिल्या दिवशी तो रडला. तिसऱ्या दिवशी झोका थांबला तेव्हा म्हणाला, "अजून." मग "कुत्रा." मग "आई, चल." बायको धावतपळत घरी आली आणि चप्पल न काढताच तिने वही ओढली. स्वारीला बोलता येत होतं. आजवर गरजच पडली नव्हती, इतकंच.

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात त्याने डावं पान उलटलं, त्या तासाभरात थोरली काय बोलली ते लिहायला, आणि त्याला आठवेना. कारण ती काही बोललीच नव्हती. तीन दिवस ती दाराला टेकून उभी होती, गप्प. रुसली असेल, असं समजून त्याने शर्टाला काज करणं चालू ठेवलं होतं.

मग त्याने पहिल्या चार दिवसांची यादी वाचली. बाळ दूध. बाळ चेंडू. बाळ पडला. बाळ झोप. बाळ अजून. पानभर शब्द, सगळेच्या सगळे बाळाच्या कामाचे. तिला स्वतःला तहान कधी लागते? ती त्याच्या मागून त्याच्याच पेल्यातलं उरलेलं प्यायची आणि त्यांना वाटायचं, किती शहाणी पोर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्याने मशीन बंद केलं आणि कातरकामाच्या चिंध्यांमध्ये तिच्यासमोर मांडी घातली.

"तुला काय हवं?"

"बाळ पाणी."

"बाळ बागेत गेलाय. तुला?"

तिने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं, तिच्या वतीने द्यायला. घरातल्या सगळ्यांना हीच खोड. त्याने जीभ चावली. पँट घ्यायला आलेल्या मास्तरांनाही त्याने हातानेच थांबा म्हणून खुणावलं. मास्तर बिचारे दहा मिनिटं उभे राहिले. ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढचे तीन दिवसही नाही.

पाचव्या दिवशी तो विचारायचंच विसरला. बटणं निवडताना तिची चुळबूळ पाहिली, सवयीने उठला आणि पेला भरून तिच्या तोंडाशी नेला.

तिने तळहाताने पेला मागे सारला. "नको."

"नको?"

"नको," ती म्हणाली, या खेपेला जरा मोठ्याने, त्याच्या डोळ्यांत बघून. मग बटणांच्या डब्यात हात घालून बसली.

ते पाणी त्याने स्वतःच पिऊन टाकलं, उभ्या उभ्या.

सहा वाजता बायको परतली ती दारातूनच बोटं मोजत. "आज याचे सहा नवीन. हिचे किती?"

"एकच," तो म्हणाला. "पण तिचा."