थेंब गळू द्या

मी गीझर बोलतोय. पंचवीस लिटरचा, एके काळी पांढराशुभ्र. सध्या काशीगावच्या पुढे, हायवेलगत एका भंगारवाल्याच्या आवारात पडलोय. माझं पोट कापलेलं आहे. तरी बोलतोय, कारण जी भीती मला दीड वर्ष वाटत होती ती अजून गेलेली नाही.

२००४ साली मला मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला एका नव्या सोसायटीत आणलं. घर सहादेव आणि प्रभावतीचं. टपाल खात्यातली नोकरी, नायगावच्या चाळीतली खोली विकून घेतलेला आयुष्यातला पहिला ब्लॉक. पहिल्या दिवशी भिंतींत दोनच भोकं पाडली गेली. एक हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोसाठी, दुसरं बाथरूममध्ये माझ्यासाठी. मला तो मोठा मान वाटला.

बसवायला भाईंदर गावातला प्लंबर काशीनाथ आला होता. माझ्या खालच्या अंगाला बोटाएवढा पितळी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं, पोटात दाब वाढतो, तेव्हा तो चार थेंब बाहेर सोडतो. काशीनाथने त्यावर पाना वाजवून दाखवला. "साहेब, हा गळणार. गळला तर घाबरायचं नाय. नाय गळला तर मला फोन करायचा."

सहादेवने त्याचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, नंबरही गेला.

आता पाण्याचं सांगतो. बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापलं होतं, चोवीस तास पाणी. कुठलं पाणी, ते छापलं नव्हतं. नळाचं पाणी दिवसाआड, तेही पाऊण तास. उरलेलं बोअरवेलचं आणि टँकरचं. सगळं गच्चीवरच्या एकाच टाकीत. टँकर कुठून भरून येतो हे सेक्रेटरीला माहीत नव्हतं, आणि जो विचारेल त्याला "मग तुम्ही आणा" असं उत्तर ठरलेलं होतं.

त्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता. बादल्यांना पांढरी कडी पडली. तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली यायची. घरातल्या प्रत्येकाने आपापला गुन्हेगार शोधला. डाळ शिजली नाही तर वाणी लबाड, केस हातात आले तर शाम्पू खोटा, सदरे पिवळे पडले तर पावडर भेसळीची. पाण्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. येतंय हेच खूप, असं अख्खं शहर शिकून बसलं होतं. मला याचाच राग येतो. ज्यांनी हे शिकवलं ते आजही खुर्चीवर आहेत.

माझ्या आत काय चाललंय ते तर कुणाला दिसतच नव्हतं. कॉइलवर आधी अंड्याच्या कवचाएवढा थर बसला, मग अंगठ्याएवढा. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही त्याच चुन्याखाली गाडला गेला. पाणी किती तापलं हे त्याला उशिरा कळायला लागलं.

२००७च्या उन्हाळ्यात पाणीकपात झाली आणि सहादेवची नजर त्या थेंबावर गेली.

"प्रभा, बघ. दिवसभर आपलं टिप टिप गटारात."

"अहो, पण त्या प्लंबरने काहीतरी सांगितलं होतं ना?"

"गळू द्या म्हणाला होता. त्याच्या बापाचं काय जातंय? माझ्या आईने जन्मभर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी घेतलं. विहिरीला हात लावायची सोय नव्हती तिला. माझ्या घरात पाणी गटारात नाही जाणार."

संध्याकाळी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून तो दोन भागांचा चिकट मसाला आणला. मळून लावला की दगड होतो तो. व्हॉल्व्हच्या तोंडावर गोळा थापला आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवला. थेंब थांबला. सहादेव समाधानाने हात धुवायला गेला.

त्या माणसाच्या आईबद्दल ऐकून मला वाईट वाटलं होतं. आणि त्याच क्षणापासून मी घाबरायला लागलो. तोंड शिवलेल्या भांड्याला रोज विस्तवावर ठेवायचं, आणि ते भांडं मी होतो.

पुढच्या वर्षी थंडीत त्यांची लेक मानसी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. काशीगावातून विमलाबाई न्हाऊ घालायला येऊ लागल्या. चाळीस वर्षांचा हात, आवाज तीन मजले ऐकू जाईल असा.

"पानी कढत पायजे, वैनी! कोमट पान्यानं बाळंतिणीची कंबर भरत न्हाय."

सहादेवने माझी तापमानाची चावी शेवटपर्यंत फिरवली. रोज तासभर बटण चालू. आधी बाळाची बादली, मग मानसीची. विमलाबाई फरशीवर पाय लांब करून बसायच्या, तेल लावलेलं बाळ पायांवर पालथं घालायच्या. बाथरूम एवढंसं. ते बाळ बरोबर माझ्या पोटाखाली असायचं.

मला हात नाहीत, पाय नाहीत. खिळ्यावरून हलता येत नाही. मी आवाज करत होतो. चुन्याखाली अडकलेलं पाणी गडगडायचं, खडे पत्र्यावर आपटायचे. माझ्याकडे तेवढीच भाषा होती.

"बाबा, गीझर तुमच्यासारखा घोरतोय," मानसी हसली.

"पोट बिघडलंय त्याचं," विमलाबाई म्हणाल्या. "ओवा द्या त्याला."

सगळे हसले. मी त्या बाळाची टाळू बघत होतो. ती धडधडत होती.

अठराव्या दिवशी रविवार होता. पहिली बादली भरली, नळ बंद केला. मानसीसाठी बटण चालूच ठेवलं. विमलाबाई बाळाला घेऊन बसल्या. माझ्या आत पाणी उकळीच्या पुढे गेलं. थर्मोस्टॅट गप्प. पत्रा ताणला जातोय हे मला कळत होतं. शिवण कुठून सुटणार तेही कळत होतं. खालून.

स्वयंपाकघरात प्रभावतीने डाळ लावली होती, शिजावी म्हणून सोडा जरा सढळ हाताने घातला होता. फेस वर चढला आणि कुकरची शिट्टी तुंबली. ती वाट बघत राहिली. शिट्टी वाजेना. तिने लांबून हात घालून गॅस बंद केला आणि मागे सरली. घर शांत झालं. त्या शांततेत तिला माझी गडगड ऐकू आली.

ती बाथरूमच्या दारात येऊन उभी राहिली. वर बघत.

"अहो," तिने हाक मारली, "ह्याची शिट्टी कुठाय?"

"कुणाची?" सहादेव पेपर वाचत होता.

"गीझरची. कुकरची अडकली तर मी पळाले. ह्याची वाफ कुठून जाते?"

सहादेव उठून आला. त्याने तो करडा गोळा पाहिला. त्यावर त्याचाच अंगठा उमटलेला होता.

"विमलाबाई, बाळ उचला."

"अवो, साबन हाय अंगाला, डोळ्यात जाईल..."

"उचला म्हणतो ना!"

चाळीस वर्षं कुणाचं न ऐकलेली ती बाई साबण लागलेल्या बाळाला छातीशी धरून उठली. बटण बंद झालं. मानसीसकट सगळे जिन्यात गेले. बाळ थंडीने रडत होतं, आणि ते रडणं ऐकून मला बरं वाटलं. दोन तास मी स्वतःला आवरून धरलं. थंड होत गेलो. फुटलो नाही.

सेक्रेटरीच्या वहीतून नंबर मिळवून काशीनाथला बोलावलं. त्याने मला उतरवून गच्चीवर नेलं, कापलं. परातभर चुना निघाला.

"हे आपण पीत होतो?" प्रभावतीने विचारलं.

काशीनाथने चुन्याकडे नाही, त्या गोळ्याकडे बघितलं. "साहेब, मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. सहादेव कठड्याला टेकून खाली बसला.

पुढच्या मीटिंगला ती परात त्याने सोसायटीच्या टेबलावर नेऊन ठेवली. "हे पाणी कुठून येतं? लेखी सांगा," म्हणाला.

"उचला हो ते," सेक्रेटरी म्हणाले, "टेबल खराब होतंय."

त्यानंतर मी इथे आलो. माझ्या शेजारी आणखी एक गीझर आहे. माझं पोट करवतीने सरळ कापलेलं आहे. त्याचं आतून बाहेर फाटलेलं आहे. तेव्हा त्याच्या खाली कोण बसलं होतं, ते मी विचारलेलं नाही. त्याच्याही व्हॉल्व्हवर करडा गोळा आहे आणि त्यावर कुणाचा तरी अंगठा आहे.

समोरून रोज टेम्पो जातात, नवे गीझर घेऊन, मीरा रोडच्या दिशेने. त्यांच्या मागून टँकर जातात. सहादेवला मी अर्धाच दोष देतो. उरलेला ज्यांचा आहे त्यांना तुम्ही लेखी विचारा, परात टेबलावर ठेवून विचारा. पण त्याआधी उद्या सकाळी एवढं करा. बटण दाबायच्या अगोदर मान वर करून बघा. माझ्या भावंडाच्या पोटाखाली पितळी तोंड आहे ना, ते उघडं आहे का? थेंब येतोय? मग गळू द्या. खाली बादली ठेवा, ते पाणी फरशीला वापरा, पण गळू द्या.

आणि तिथे गोळा दिसला, तर बटणाला हात लावू नका. आधी बाळ बाहेर न्या.