आरोपीची विश्रांती

लीड्सच्या कोर्टात मी अशर आहे. साक्षीदारांना आत नेणं, पाणी देणं ही माझी कामं. त्या खटल्यातल्या आरोपीनं नव्वदी ओलांडली होती. तरुणपणी, त्याच्या देशातल्या युद्धात, त्यानं एका गावातल्या पुरुषांना चौकात उभं करून मारलं, असा आरोप होता. मला मात्र त्याचे थरथरणारे हात दिसायचे. त्याच्या पाठीला म्हणून मी घरून उशी नेली.

"आता या वयात कशाला छळतात त्याला?" मी अवधूतवर, म्हणजे नवऱ्यावरच, चिडले होते.

मग त्या गावातल्या एका म्हातारीची व्हिडिओवरून साक्ष सुरू झाली. तासाभरानं न्यायाधीशांनी तिला मध्येच थांबवलं. मी उशी सारखी करायला वाकले.

"का थांबायचं?" दुभाष्यानं तिचा प्रश्न सांगितला.

"आरोपींचं वय झालंय. ते दमलेत," न्यायाधीश म्हणाले.

ती पडद्यावरून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझा भाऊ सकाळपासून उन्हात उभा होता," ती म्हणाली. "जरा बसू का, एवढंच त्यानं याला विचारलं. पहिली गोळी त्यालाच घातली."